इंग्लंडमधल्या स्टीम रॅलीत जुना ट्रॅक्टर पहिल्यांदाच मांडायचा असेल तर काय तयारी करावी? (1950 चा फर्ग्युसन टीईडी-20 आहे, चालू आहे, पण रॉकेलवरचा आहे.)

स्टीम रॅली नाव असलं तरी वाफेच्या इंजिनांबरोबर जुन्या ट्रॅक्टरांची वेगळी रांग असते, आणि त्या रांगेत करडा फर्ग्युसन हमखास दिसतो. कोव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून 1946 ते 1956 या काळात असे पाच लाखांहून जास्त निघाले. त्यामुळे 'दुर्मिळ' म्हणून कोणी थांबणार नाही. नीट चालणारा आणि नीट मांडलेला असेल तर थांबतील.

आधी कागद उरकून टाका. प्रवेशअर्ज काही महिने आधीच बंद होतात, आणि अर्जासोबत विम्याच्या प्रमाणपत्राची प्रत मागतात. रस्त्याने चालवत नेणार असाल तर नोंदणी, नंबरप्लेट आणि रोडटॅक्स हवाच. जुन्या वाहनाला टॅक्स शून्य असतो, तरी तो काढावा लागतो.

आता खरी डोकेदुखी, इंधन. टीईडी म्हणजे टीव्हीओवर (ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइल), म्हणजे जवळपास रॉकेलवर चालणारं मॉडेल. आपल्याकडचे पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायचे पाणी उपसायचे पंप आठवा, तोच प्रकार. टीव्हीओ आता पंपावर मिळत नाही. लोक दोन-तीन भाग हीटिंगचं रॉकेल आणि एक भाग पेट्रोल असं मिश्रण करतात. ते पेट्रोलइतकंच पेटतं, तेव्हा तसंच जपून हाताळा, आणि रस्त्यावर आणण्याआधी इंधनकराचे नियम बघा.

मिश्रण नीट जळायला इंजिन गरम लागतं, 75-80 अंश तरी. रॅलीत ट्रॅक्टर फिरवून दाखवायच्या रिंगणात माणसाच्या चालीने फिरताना ते थंड पडतं, न जळालेलं रॉकेल पिस्टन रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ होतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली आणि रॉकेलचा वास आला तर ऑइल लगेच बदला, नाहीतर बेअरिंगं जातील. माझं मत विचाराल तर रॅलीच्या दोन दिवसांसाठी सरळ पेट्रोलवरच चालवा. कॉम्प्रेशन कमी असल्याने त्याला ते चालतं. मिश्रणावर चालवलात तर बंद करण्याआधी इंधनाचा कॉक (तोटी) पेट्रोलवर वळवा आणि कार्बोरेटरमधलं मिश्रण संपू द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार नाही, आणि तेही सगळ्यांसमोर.

पेट्रोल ई5 घ्या. ई10 मधल्या इथेनॉलने जुने रबरी पाइप मऊ पडतात. इंधनाच्या कॉकखालची काचेची वाटी काढून धुवा. तळाशी गंज आणि पाणी साचलेलं असतं. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट 0.3 मिमी आणि प्लगची 0.7 मिमीच्या आसपास ठेवा.

मागची अवजार उचलणारी लिफ्ट उचलत नसेल तर पंप खोलू नका, आधी पीटीओचा (अवजारांना इंजिनची ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टचा) दांडा बघा. या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप पीटीओवरच फिरतो, त्यामुळे दांडा सुटलेला असेल किंवा क्लच दाबलेला असेल तर नांगर जागचा हलत नाही. मांडणीत मात्र अवजार जमिनीवर टेकवूनच ठेवा, कारण पोरं खाली वाकून बघतात. पीटीओच्या शाफ्टवर टोपी हवी.

रंगाचा उत्साह आवरा. सगळंच करडं, चाकंसुद्धा. सिरीयल नंबराच्या पट्टीवर रंग चढवू नका, त्यावरूनच वर्ष ठरतं. मूळ, थोडा उडालेला रंग जाणकारांना चकचकीत स्प्रेपेक्षा जास्त भावतो. शेजारी एक पाटी लावा: मॉडेल, वर्ष, सिरीयल नंबर, कुठल्या शेतावर राबला. इंजिनखाली तेलाचा ट्रे, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि 2 किलोचं पावडर अग्निशामक हाताशी ठेवा.

ट्रेलरवर न्यायचा तर ट्रॅक्टरचं वजन साधारण 1,100 किलो, त्यात ट्रेलरचं मिळवा आणि तुमच्या गाडीची ओढायची मर्यादा तपासा. तोंड पुढे करून चढवा, ब्रेक लावून ठेवा, गिअरमध्ये ठेवा आणि चार रॅचेट पट्टे एक्सलला बांधा, पत्र्याला नाही. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळा, ते सैल होतातच.

रॅलीत कोणी 'जरा ओढून दे' म्हणालं तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला लावा. टॉप लिंकच्या (अवजाराच्या वरच्या जोडणीच्या) जागी लावली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि याला रोलबार (उलटल्यावर चालकाला वाचवणारी कमान) नाही.