शब्दशंका : ‘शेरीफ’ आणि ‘शरीफ’ एकच का?

प्रश्न : ‘शेरीफ’ हा शब्द अरबी ‘शरीफ’वरून आला, असं ऐकलं. खरं का? आणि मुंबईच्या शेरीफांकडे नेमकं काम तरी कोणतं?

उत्तर : खरं नाही. उच्चार जुळतो एवढंच. ‘शरीफ’ म्हणजे कुलीन, खानदानी. ‘शेरीफ’ मात्र अस्सल इंग्रजी, नॉर्मन राजवटीच्याही आधीचा. जुन्या इंग्रजीत ‘शीर’ म्हणजे परगणा. यॉर्कशायर, लँकेशायरमधला ‘शायर’ तो हाच. ‘येरेवा’ म्हणजे कारभारी. दोन्ही जोडून ‘शीरयेरेवा’, म्हणजे परगण्याचा कारभारी. मधला ‘ये’ झिजला, शेवटचा स्वर गळला आणि शब्द ‘शिरीव्ह’वरून ‘शेरीफ’वर आला.

हा राजाचा माणूस. सारा गोळा करायचा, परगण्याची कचेरी चालवायची, राजाचे हुकूम बजावायचे. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन राजांनी त्याचा अधिकार आणखी वाढवला. पुष्कळदा परगणा त्याच्याकडे मक्त्यानं असे : ठरलेली रक्कम खजिन्यात भरायची, वरचं आपलं. मक्ता म्हटला की रयतेची पिळवणूक आलीच. तक्रारी एवढ्या वाढल्या की राजा दुसऱ्या हेन्रीनं ११७० मध्ये चौकशी लावून बहुतेक शेरीफांना घरी बसवलं. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाच्या अधिकारांना लगाम घालणाऱ्या सनदेत तर परगण्यांचा मक्ता जुन्याच दरानं राहील, वाढवायचा नाही, असं कलमच आहे.

शेरीफाचा खजिन्याशी हिशेब कसा होई, तेही पाहण्यासारखं आहे. ईस्टरला काही भरणा, सप्टेंबरअखेर मायकेलमसला चुकती. पावती म्हणून लाकडी काठीवर खाचा पाडत : हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. एक फाळका शेरीफाकडे, दुसरा खजिन्यात. कुणी मागाहून खाच वाढवली, तर दोन फाळके जुळत नसत आणि लबाडी तिथंच उघडी पडे.

पुढं शब्द एकच राहिला, कामं वेगळी झाली. स्कॉटलंडमध्ये शेरीफ न्यायाधीश असतो. अमेरिकेत तो बहुतेक ठिकाणी निवडून येतो, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पोलीस आणि तुरुंग सांभाळतो.

मुंबईचं पद (मराठीत नगरपाल) मानाचं, परंपरेनं एका वर्षाचं. डॉ. भाऊ दाजी लाड १८६९ आणि १८७१ असे दोनदा शेरीफ होते. पण पद नुसतं शोभेचं समजू नका. उच्च न्यायालयातल्या शेरीफ कार्यालयात उपशेरीफ आणि कर्मचारी असतात. समन्स बजावणं, जप्ती करणं ही त्यांची कामं. त्यातलं सगळ्यात जोखमीचं म्हणजे जहाज अटकेत घेणं. इंधनाचे किंवा खलाशांच्या पगाराचे पैसे थकले, तर धनको न्यायालयात जातो. हुकूम मिळाला की वॉरंट जहाजाच्या डोलकाठीवर किंवा वरच्या बांधकामावर डकवतात. बंदर आणि कस्टम्सलाही लगोलग कळवावं लागतं. यात दिरंगाई झाली, तर जहाज नांगर उचलून निघून जातं आणि धनकोच्या हाती नुसता हुकमाचा कागद उरतो. मालकानं जामीन भरला तर जहाज सुटतं. नाहीतर न्यायालयाच्या आदेशानं शेरीफ त्याचा लिलाव करतो.