"मॅडम, हे सगळं २२ वर्षांपूर्वी सुरू करायला हवं होतं"

"आता या वयात सवयी बदलून काय होणार, उशीर झाला ना?" हा प्रश्न मला माझ्या काउन्सेलिंगच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो आणि विचारणारा दरवेळी पन्नाशीचा असतो असं काही नाही, २७ वर्षांची मुलगी पण हेच विचारते आणि ६३ वर्षांचे काका पण. सत्तावीसवालीला पण मनापासून वाटत असतं की आपली गाडी सुटली. मी पूर्वी या प्रश्नाला पटकन "छे हो, उशीर कसला" म्हणून मोकळी व्हायचे. आता नाही म्हणत. का ते सांगण्यासाठी एक केस सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मी त्यांना मनातल्या मनात शीटवाले म्हणायचे, इथेही तेच म्हणते. वय ४७, काम हिशोबाचं, घरी बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. फॉर्मवर कारण लिहिलेलं "झोप येत नाही", तेवढंच. पहिल्या सेशनला खुर्चीत नीट टेकायच्या आधी त्यांनी बॅगेतून लॅपटॉप काढला, उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

एक्सेल शीट. डावीकडे एकाखाली एक १४ ओळी. रोज अर्धा तास चालणं. वेळेवर झोपणं. पाठीचे व्यायाम. रात्री दात घासणं (हसू नका, दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत पडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणत असतो). पगार झाला की आधी थोडे बाजूला टाकणं. रागाच्या भरात मेसेज न पाठवणं. लोकांना नाही म्हणणं. वाचन. असं बरंच. आणि प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने, कधी सुरू करायला हवं होतं, किती दिवस गेले, किती तास वाया गेले. चालण्याच्या ओळीत तासांचा आकडा होता ४०२१.

"पंचविसाव्या वर्षापासून रोज अर्धा तास धरलाय मॅडम. वाढदिवसाला ४०१८ होते, त्याला ६ दिवस झाले. लीप इयर पण धरलंय."

म्हणजे फॉर्म्युला असा टाकलेला की तारीख बदलली की आकडा आपोआप वाढणार. माणूस झोपलेला असो, प्रवासात असो, आजारी असो, शीट आपलं काम करत राहणार. मला खरं सांगू का, लीप इयर ऐकून हसू येत होतं पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गप्प बसले.

चौदाव्या ओळीत फक्त एकच शब्द होता, "दादा". पुढचे तिन्ही रकाने रिकामे. मी विचारलं हे काय. "ते असंच," म्हणाले आणि स्क्रोल करून वर गेले. मी पण तो विषय तिथेच सोडला, काही गोष्टी पहिल्या दिवशी उघडायच्या नसतात.

मग नेहमीची चौकशी. डिप्रेशनसाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, मागच्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, कशात रस वाटत नाही का, झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का वगैरे, ती आधी भरून घेतली. कारण "सगळं वाया गेलं" हे वाक्य कधी कधी आजाराचं असतं, आणि तसं असेल तर तिथे सवयींच्या गप्पा मारत बसायचं नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. यांचा स्कोअर सौम्य होता. मी निश्चिंत झाले आणि तिथेच माझं चुकलं.

झालं असं की मला वाटलं माणूस हुशार आहे, शिस्तीचा आहे, आकड्यांत रमतो, तर याला एक छान चार्ट देऊ. रोज २० मिनिटं चालायचं, साडेअकराला लाईट बंद, केलं की टिक. ते खूश. जाताना विचारलं, "२१ दिवस केलं की सवय लागते ना?"

हे २१ दिवस कुठून आले ते सांगते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस तरी लागतात. त्यातलं "कमीत कमी" पुढे गळून पडलं, चेहराही गळाला, आणि २१ दिवसांत कुठलीही सवय लागते असं होऊन बसलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना १२ आठवडे एकेक छोटी सवय लावून बघितली, तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. तिथे मधला आकडा निघाला ६६ दिवस, पण कुणाला १८ दिवस आणि कुणाला गणिताने काढलेल्या अंदाजानुसार २५४. आणि मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की मध्ये एखादा दिवस चुकला तर एकूण सवय लागण्यावर फारसा फरक पडला नाही.

हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. मी घाईत "जरा जास्त लागतात" एवढं म्हणून सोडून दिलं.

नऊ दिवस टिका व्यवस्थित पडल्या. दहाव्या दिवशी ताप आला. तीन दिवस टिक नाही. मग मेसेज आला की पुढचं सेशन कॅन्सल करतोय, मला जमणार नाही असं दिसतंय, आपला वेळ घेतला त्याबद्दल माफ करा. मला वाटलं गेले हे. पण दोन आठवड्यांनी स्वतःहून आले, लॅपटॉप उघडला, स्क्रीन फिरवली. शीटमध्ये आता पंधरावी ओळ होती. "काउन्सेलिंग चार्ट. वाया गेलेले दिवस: १८."

बोलायला मला पाच सेकंद लागली असतील. मीच दिलेल्या गोष्टीची त्यांनी छडी करून घेतली होती. मग मी चार्टबिर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, ही शीट तुम्ही उघडता कधी?

रात्री, म्हणाले. बेडवर. बायको झोपली की. साडेअकराच्या सुमारास उघडायची, आकडे बघायचे, एखादी नवी गोष्ट सुचली तर ओळ टाकायची, मग इतकं कसंतरी व्हायला लागतं की लॅपटॉप मिटून फोन हातात घ्यायचा आणि दीड-दोनपर्यंत काहीही बघत राहायचं. सकाळी साहजिकच उठवत नाही. चालणं होत नाही. आणि रात्री आकडा अर्ध्या तासाने वाढलेला असतो. हे सांगता सांगता ते स्वतःच मध्ये थांबले. "म्हणजे मी हिशोब करतो म्हणून झोपत नाही?" मी काही बोलले नाही. हिशोबाच्या माणसाला एन्ट्री कुठे चुकली ते दाखवावं लागत नाही.

पश्चात्ताप माणसाला कामाला लावतो असं आपल्याला लहानपणापासून वाटत आलेलं असतं, की स्वतःला टोचत राहिलं तर उद्या तरी सुधारू. माझ्या खोलीत मला याच्या उलट दिसतं. कॅनडात कार्लटन विद्यापीठात मायकेल व्होल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांवर एक अभ्यास केला होता. पहिल्या परीक्षेआधी अभ्यासाची चालढकल केलेली पोरं, त्यातल्या ज्यांनी स्वतःला माफ केलं ती पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ करताना दिसली. हे शीटवाल्यांना सांगितलं तर म्हणाले, "पण मग माणूस लाडावणार नाही का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. मी म्हटलं, गेली किती वर्षं तुम्ही स्वतःला लाडावलं नाही? आणि चाललात किती?

मग त्यांनी तोच प्रश्न टाकला, पण खरंच उशीर झालाय की नाही ते सांगा मॅडम, उगाच समजूत काढू नका.

मी सांगितलं, झालाय. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्याच सिगारेटचा एक प्रचंड अभ्यास झाला, १९५१ पासून ५० वर्षं, रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी, २००४ मध्ये निकाल आले. आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी जातात. तिशीत सोडली तर जवळपास पूर्ण १० वर्षं परत मिळतात, चाळिशीत सोडली तर ९, पन्नाशीत ६, साठीत सोडली तरी ३. ते सिगारेट ओढत नव्हते आणि चालण्याचा हिशोब काही असाच निघणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं, पण मला आकड्यांच्या माणसाशी आकड्यांतच बोलायचं होतं. त्यांनी एक क्षण छताकडे बघितलं.

"म्हणजे पन्नाशीत ६० टक्के रिकव्हरी."

"हो."

"बुडीत खात्यात हे खूपच चांगलं आहे."

त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

शीट डिलीट करा असं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घरी जाऊन नवी केली असती. फक्त एक मागितलं, ते आपोआप वाढणारं बंद करा. आकडा जिथे आहे तिथे गोठवून ठेवा. बाहेरून ऐकणाऱ्याला यात काय मोठं असं वाटेल पण त्यांना हे इतकं जड गेलं की माझ्यासमोर फॉर्म्युला काढताना दोनदा हात मागे घेतला. शेवटी काढला. दुसरं, लॅपटॉप आणि फोन दोन्ही झोपायच्या खोलीच्या बाहेर, उठायला साधं गजराचं घड्याळ, आणि उठायची वेळ रोज एकच, रात्री कितीही वाजता झोप लागू दे. तिसरं चालणं, तेही अर्धा तास नाही, दुपारी ऑफिसात जेवण झालं की डबा बंद करायचा आणि जिना उतरून बिल्डिंगला एक चक्कर, साधारण सात मिनिटं. "संध्याकाळी वेळ मिळाला की" असं ठरवलेलं सहसा होत नाही, कारण मिळाला की म्हणजे कधी ते पायांना कळत नाही. डब्याचं झाकण लागलं हे कळतं.

बाकीच्या ओळींना हात लावायचा नाही. यावर आमचं चांगलं भांडण झालं. माणूस एकदम सगळं सुरू करायला बघतो कारण त्याला मागची थकबाकी भरायची असते, आणि सात मिनिटांनी ४०२१ तासांची थकबाकी कधी फिटणार! नाहीच फिटणार. ती फेडायची नाहीये, हे पटायला आमची तीन सेशन्स गेली आणि पूर्ण पटलं असं मी आजही म्हणणार नाही.

पुढचं पटकन सांगते. झोप आधी सुधारली, दीड महिन्यात साडेबाराच्या आसपास लागायला लागली, म्हणजे आदर्श नाही पण दोनपेक्षा बरी. चक्कर मध्ये दोनदा पूर्ण बंद पडली, एकदा वर्षाअखेरचं काम होतं आणि एकदा काही कारण नव्हतं, नुसताच कंटाळा. दोन्ही वेळा त्यांनी मेसेज केला "बंद पडलं", मी लिहिलं "बरं", आणि दोन्ही वेळा परत सुरू झाली. चौथ्या महिन्यात एकदा सांगायला लागले की आज मीटिंग होती म्हणून सरळ जागेवर जायचं होतं, डबा बंद केला आणि बघतो तर मी जिन्यात.

आणि मग एका सेशनला लॅपटॉप न उघडता बसले. म्हणाले, चौदावी ओळ.

मोठा भाऊ. घराच्या कागदांवरून एका फोनवर बोलाचाली झाली होती, यांनी रागात एक मेसेज टाकला, त्याचं उत्तर आलं नाही आणि सहा वर्षं गेली. म्हणजे "रागाच्या भरात मेसेज न पाठवणं" ही ओळ कुठून आली होती ते मला तेव्हा कळलं. मी विचारलं रकाने रिकामे का. "याचे तास कसे काढणार मॅडम?"

टॉम गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पश्चात्तापावर बरंच काम केलंय, की जवळच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टी बोचतात पण आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेल्या जास्त. माझ्याकडे येणारे लोक व्यायामाने सुरुवात करतात, पैशांवर येतात, आणि सातव्या-आठव्या सेशनला कुणाचं तरी नाव निघतं. झोप नाही म्हणून आलेला माणूस भावासाठी रडतो.

मी त्यांना फोन करा म्हटलं नाही. समोरचा उचलेलच याची खात्री मी कशी देणार. एवढंच विचारलं की फोन केलात आणि उचलला नाही तर तुम्ही ते शीटमध्ये कुठे लिहाल? बराच वेळ विचार करून म्हणाले, कुठेच नाही.

पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा वहिनींनी उचलला, ते बाहेर गेलेत म्हणाल्या. मध्ये तीन आठवडे काहीच नाही, आणि त्या तीन आठवड्यांत झोप परत थोडी बिघडली, ते अपेक्षितच होतं. मग एका रविवारी दुपारी माझ्या फोनवर स्क्रीनशॉट आला, कॉल हिस्टरीचा. इनकमिंग, दादा, ४ मिनिटं ३८ सेकंद.

खाली लिहिलेलं, "हवापाण्याचंच बोललो. बाकी काही नाही. पाच लिहू का?"

मी लिहिलं, लिहा.