तांबी काळवंडली तर? गर्भनिरोधक साधनांच्या घडणीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तांबीचे पाकीट उघडण्याआधीच आतले तांबे काळपट दिसले. ती बसवून घ्यावी का? आणि एवढ्याशा तांब्याने काम होते तरी कसे?

पाकीट सीलबंद असेल, कुठे भोक किंवा चीर नसेल आणि छापलेली मुदत उलटलेली नसेल, तर खुशाल बसवून घ्या. काळपटपणा हा हवेमुळे तांब्यावर चढलेला पातळ थर आहे. त्याने परिणाम कमी होत नाही आणि अपायही होत नाही. उलट सील सुटलेले असेल, तर तांबे लखलखीत असले तरी ती तांबी टाकून द्यायची, कारण तिच्या निर्जंतुकपणाचा भरवसा उरत नाही.

तांब्याच्या वजनापेक्षा त्याचा उघडा पृष्ठभाग महत्त्वाचा. त्यातून सुटणारे आयन, म्हणजे तांब्याचे विद्युतभारित कण, शुक्रजंतूंना निकामी करतात. ‘कॉपर टी 380 ए’ या नावातला आकडा म्हणजे 380 चौरस मिलिमीटर तांबे. आधीच्या एका नमुन्यात ते 200 होते आणि सगळे उभ्या दांड्यावर. पुढे आडव्या दोन्ही हातांवर तांब्याची एकेक छोटी नळी बसवली. त्यामुळे पृष्ठभाग वाढला आणि तांबे गर्भाशयाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचले. दांड्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार वर्षानुवर्षे झिजत गेली की तिचे तुकडे पडू शकतात, म्हणून काही नमुन्यांत तारेच्या गाभ्यात चांदी असते.

सांगाडा पॉलिथिलीनचा असतो, उंची 36 मिमी आणि रुंदी 32 मिमी. एक्स-रेमध्ये दिसावा म्हणून त्यात बेरियम सल्फेट मिसळतात. हे प्लास्टिक वाकवून लगेच सोडले तर सरळ होते, पण बराच वेळ वाकवून ठेवले तर वाकलेलेच राहू पाहते. म्हणून हात दुमडून बसवण्याच्या नळीत भरल्यावर पाच मिनिटांच्या आत तांबी बसवावी लागते. उशीर झाला तर आत गेल्यावर हात नीट उघडत नाहीत. हात उघडताना आतली कांडी स्थिर धरायची आणि नळी मागे ओढायची. कांडी पुढे ढकलणे ही घातक चूक आहे. तांबी गर्भाशयाच्या भिंतीत घुसण्याचा धोका तिथेच असतो.

प्रश्न : तांबीचा धागा जोडीदाराला टोचतो. अगदी आखूड कापून घेतला तर चालेल?

थोडासाच आखूड केला तर तो जास्त टोचतो. तीन-चार सेंटिमीटर लांबीचा धागा मऊ होऊन गर्भाशयमुखाभोवती वळून बसतो, आखूड धाग्याचे टोक मात्र ताठ उभे राहते. मुखाच्या पातळीवर कापला तर टोचणे थांबते, पण पुढे तांबी काढताना धागा चिमट्यात सापडणे अवघड जाते. हे समजून मगच ठरवा.

हा धागा एकसंध, एकाच तंतूचा असतो, त्यामागे कटू इतिहास आहे. अमेरिकेत 1974 मध्ये विक्री थांबलेल्या ‘डाल्कन शील्ड’ या गर्भाशयात बसवायच्या साधनाची शेपटी आवरणात गुंडाळलेल्या असंख्य बारीक तंतूंची होती. तंतूंमधल्या फटींतून दिव्याच्या वातीसारखा ओलावा चढे आणि त्याबरोबर जंतूही. अनेक स्त्रियांना गंभीर संसर्ग झाले.

प्रश्न : अतिपातळ कंडोम लवकर फाटतो का?

मानकानुसार तपासलेला असेल तर निव्वळ पातळपणामुळे नाही. नेहमीच्या लॅटेक्स कंडोमची भिंत साधारण 0.06 ते 0.08 मिमी असते. आयएसओ 4074 या आंतरराष्ट्रीय मानकात नमुन्यांमध्ये हवा भरून ते फुटेपर्यंत फुगवतात. नेहमीच्या रुंदीच्या कंडोमने किमान 18 लिटर हवा आणि 1 किलोपास्कल दाब सोसला पाहिजे. पातळ असला म्हणून त्यात सूट नाही. भोकांसाठी वेगळी चाचणी असते: 300 मिलिलिटर पाणी भरून गळती पाहतात. शिवाय कारखान्यात कंडोम धातूच्या साच्यावर चढवून विजेची चाचणी होते. रबर वीज अडवते, त्यामुळे प्रवाह पलीकडे गेला की तो कंडोम बाद.

फाटण्याची कारणे बहुतेक वेळा वापरात सापडतात. सगळ्यात मोठे कारण तेल. पेट्रोलियम जेली, बेबी ऑइल, मालिशचे तेल किंवा हाताचे क्रीम लॅटेक्समध्ये शिरते, रबर फुगते आणि काही मिनिटांतच त्याची ताकद ढासळते. वरून काहीच दिसत नाही, म्हणून हे अधिक धोक्याचे. पॉलिआयसोप्रीन या कृत्रिम रबराच्या कंडोमला लॅटेक्समधल्या प्रथिनांची ॲलर्जी नडत नाही, पण तेल नडतेच. पॉलियुरेथेन आणि नायट्राइल या कृत्रिम पदार्थांचे कंडोम तेलाला टिकतात, मात्र पॉलियुरेथेन कमी ताणले जाते, त्यामुळे ते निसटण्याचे किंवा फाटण्याचे प्रमाण लॅटेक्सपेक्षा जास्त असते. लॅटेक्ससोबत पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण वापरा. पाकीट दाताने किंवा कात्रीने उघडू नका. चढवताना टोक चिमटीत धरून आतली हवा काढा. खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने घासला गेलेला, शरीराची ऊब खाल्लेला कंडोम मुदतीत असला तरी वापरू नका.

प्रश्न : दंडात बसवलेली कांडी आत मोडली तर सगळे औषध एकदम बाहेर येईल का?

नाही. ती औषधाने भरलेली पोकळ नळी नसते. 4 सेंटिमीटर लांब आणि 2 मिमी जाड अशा एककांडी इम्प्लांटमध्ये 68 मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल हे संप्रेरक प्लास्टिकच्या गाभ्यात मिसळलेले असते. त्यावर 0.06 मिमीची साल. गाभा आणि साल दोन्ही एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट या प्लास्टिकची, पण सालीत व्हिनाइल ॲसिटेट कमी, म्हणून तिच्यातून संप्रेरक सावकाश झिरपते. साल जाड केली तर वेग घटतो, पातळ केली तर वाढतो. कांडी मोडली की गाभ्याचे नवे टोक उघडे पडते आणि वेग किंचित वाढू शकतो, इतकेच. काढताना सगळे तुकडे निघाले का, हे मात्र लांबी मोजून पाहायलाच हवे.

सुरुवातीला रोज 60 ते 70 मायक्रोग्रॅम सुटतात, तिसऱ्या वर्षाअखेरीस 25 ते 30. सरासरी 40 धरली तर तीन वर्षांत सुमारे 44 मिलिग्रॅम खर्च होतात. उरलेला साठा वाया गेला असे समजू नका. गाभ्यात पुरेसे संप्रेरक शिल्लक असते म्हणूनच ते शेवटपर्यंत बाहेर येत राहते.

कांडी त्वचेच्या लगेच खाली बोटाला लागली पाहिजे. बसवल्याबरोबर स्वतः चाचपून पाहा. लागत नसेल तर कांडी आत गेल्याची खात्री होईपर्यंत कंडोम वापरा. नव्या कांड्यांत बेरियम सल्फेट असल्याने खोल गेलेली कांडी एक्स-रेमध्ये सापडते.

प्रश्न : योनीत ठेवायची रिंग फ्रिजमध्येच ठेवावी लागते का?

ते रिंगेच्या घडणीवर अवलंबून आहे. पहिल्या प्रचलित रिंगेत इटोनोजेस्ट्रेल गाभ्यात प्रमाणापेक्षा जास्त विरघळवलेले असते. उबेत ते स्फटिक होऊन बाहेर येऊ लागते आणि सुटण्याचा वेग बिघडतो. म्हणून विक्रीपूर्वी ती 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात. विकत घेतल्यावर खोलीतल्या तापमानाला चार महिने चालते. नंतरच्या काही रिंगांचा गाभा वेगळा असल्याने त्यांना फ्रिज लागत नाही. तुमच्या रिंगेच्या पाकिटावरचे तापमान पाहा, आणि ऊन लागणाऱ्या गाडीत ती कधीच ठेवू नका.