जपानला कस्टम गाड्यांच्या शोला जायचंय? वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की जपानच्या शोबद्दल विचारणा वाढते. त्यातले चार प्रश्न या वेळी.

प्रश्न : आमचा मॉडिफाय गाड्यांचा ग्रुप आहे. जपानला एकदाच जाणं परवडेल. टोकियो ऑटो सलूनला जावं की योकोहामाच्या हॉट रॉड कस्टम शोला? (कोल्हापूर)

डोळे झाकून योकोहामा. ऑटो सलून जानेवारीत चिबाच्या माकुहारी मेस्सेत तीन दिवस चालतो. १९८३ साली सुरू झाला तेव्हा तो ट्यूनिंगवाल्यांचाच होता. आता मोठ्या कार कंपन्यांचे भलेमोठे स्टॉल असतात आणि शनिवार-रविवारी गाडीपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात.

योकोहामाचा शो पॅसिफिको योकोहामात, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. तिथे गाडीमालक गाडीशेजारीच उभा सापडतो, पाठीवर क्लबचं नाव भरतकाम केलेलं जॅकेट. लोरायडर (जमिनीला टेकतील इतक्या खाली उतरवलेल्या गाड्या), छप्पर कापून बुटक्या केलेल्या जुन्या अमेरिकन गाड्या, पिकअप, बाइक, सगळं एका छताखाली. पिनस्ट्रायपिंग म्हणजे ब्रशनं बारीक रेघांची नक्षी करणाऱ्यांच्या टेबलापाशी मात्र निवांत थांबा. ब्रशची मूठ बोटभर, केस लांबलचक. करंगळी पत्र्यावर टेकवून माणूस एका दमात रेघ ओढतो आणि तश्शीच दुसरी रेघ तिच्या शेजारी उलटी उमटवतो. ट्रकच्या फळीवर मोर काढणारा आपला पेंटर त्याच्याशेजारी सहज खपून जाईल.

मेख एकच. शो एका दिवसाचा असतो. विमान चुकलं, की संपलं. शनिवारी पोहोचायचं तिकीट काढू नका, शुक्रवारी तिथे असा. मिनातोमिराई स्टेशनवरून हॉल पायी पाच-सात मिनिटांवर आहे. आणि कुणाच्याही गाडीला न विचारता हात लावायचा नाही, बोटाचा ठसासुद्धा त्यांना खपत नाही.

प्रश्न : माझी पद्मिनी मी पाच वर्षं खपून तयार केली आहे, इंजिन जपानी गाडीचं बसवलंय. तीच घेऊन गेलो तर? (पुणे)

हौसेला दाद देतो, पण नका नेऊ. परदेशात गाडी तात्पुरती न्यायला 'कार्ने' नावाचं कस्टम्सचं कागदपत्र लागतं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. तुम्ही गाडी परत आणाल याची ती हमी असते, म्हणून गाडीच्या किमतीच्या हिशेबात मोठी सुरक्षा रक्कम गुंतते. जपानमध्ये तिथल्या ऑटोमोबाइल फेडरेशनची मान्यता घ्यायची ती वेगळी. जहाजाचं भाडं, तिथला सक्तीचा विमा आणि बंदरातले दिवस धरा.

तुमची खरी अडचण दुसरीच आहे. कार्नेवर चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात, आणि कस्टम्सचा अधिकारी बोनेट उघडून ताडून बघतो. तुमच्या आरसीवर बदललेल्या इंजिनाची नोंद आहे का? नसेल तर गाडी मुंबईच्या बंदरातच अडकेल. त्यापेक्षा काम चालू असतानाचे फोटो छापून एक आल्बम सोबत न्या. जपानी येत नसलं तरी वेल्डिंगचा फोटो बघून माणूस खुर्ची पुढे सरकवतो.

प्रश्न : रात्री योकोहामाच्या दाइकोकूला गाड्यांचा मेळा भरतो म्हणे. भाड्याच्या गाडीनं जाता येईल? (ठाणे)

येईल. जपान १९४९च्या जिनिव्हा करारातलं आंतरराष्ट्रीय परमिट मानतो आणि आपल्या आरटीओचं परमिट त्याच करारातलं आहे. मुदत एक वर्ष. मूळ लायसन्सही जवळ ठेवा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे हात लगेच बसतो. टोलसाठी गाडीबरोबर ईटीसी कार्ड (आपल्या फास्टॅगसारखं) मागून घ्या.

दाइकोकू हा एक्स्प्रेसवेवरचा पार्किंगचा थांबा आहे, चालत आत-बाहेर होता येत नाही. टॅक्सीनं गेलात आणि ती सोडून दिलीत, तर परतीची वाट बघत बसाल. गर्दी वाढली की पोलीस लाउडस्पीकरवरून ओरडून सगळ्यांना बाहेर काढतात, तेव्हा लवकर जा.

इंटरनेटवर 'निसान स्कायलाइनमधून दाइकोकू फिरवतो' म्हणणारे बरेच भेटतील. नंबरप्लेट बघा. तिथे प्रवासी वाहतुकीच्या गाडीची प्लेट हिरवी असते. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन फिरवणं बेकायदा आहे. (पिवळी प्लेट दिसली म्हणून टॅक्सी समजून हात करू नका. ती छोटी केई कार.)

प्रश्न : माझ्या जिप्सीसाठी तिथून जुनी ॲलॉय चाकं आणायची आहेत. विमानात चालतील? जमल्यास एअरबॅगचं स्टेअरिंगही. (नाशिक)

एअरबॅग अजिबात नाही. त्यात स्फोटक असतं, सामान विमानतळावरच राहील. आत गॅस भरलेले शॉकॲब्सॉर्बरही विमान कंपनीला विचारल्याशिवाय भरू नका.

ॲलॉय खुशाल आणा. जिप्सी आणि जिम्नी दोन्हींना पाच बोल्ट, ५ बाय १३९.७ (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये), त्यामुळे अप गॅरेजसारख्या जुन्या पार्टच्या दुकानात जिम्नीची चाकं शोधा. ऑफसेट (चाक आत-बाहेर किती बसतं ते) मात्र जुळवून घ्या, नाहीतर टायर आत घासेल. १५ इंची हलकं चाक सहा-सात किलोचं, दोन चाकं एका खोक्यात बसतात. बहुतेक कंपन्यांची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा त्यात पाळली जाते. बिल जपून ठेवा आणि किंमत करमाफीच्या मर्यादेवर गेली तर मुंबईत सरळ कस्टम्सच्या रेड चॅनलनं, म्हणजे सामान जाहीर करून, बाहेर पडा.

बसवण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९मध्ये सांगितलंय. चाकाचा साइज मूळचाच ठेवलात तर आरटीओत बोलायला तोंड राहतं.

व्हिसाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून एवढंच: पर्यटकांचा ई-व्हिसा मिळाला, तरी विमानतळावर तो मोबाइलवर इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. इंटरनॅशनल रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या.