प्रशालेचा निकाल 82 टक्के आणि खाजगी शाळेचा 100, तर मुलीला आठवीत कुठे घालावं?

तुम्ही दिलेले आकडे असे: परभणी शहरातली जिल्हा परिषदेची लहान प्रशाला, दहावीला गेल्या वर्षी 27 पैकी 25 पास, यंदा 28 पैकी 23. निकाल 92.59 वरून 82.14 वर आला. शेजारच्या खाजगी शाळेचा शंभर टक्के. एवढ्यावर प्रशाला बाद करू नका. दहा टक्क्यांची ही घसरण म्हणजे फक्त तीन लेकरं जास्त नापास झाली. 28 च्या वर्गात एकेक लेकरू साडेतीन टक्क्यांचं असतं. ऐन परीक्षेत एखाद्याला कावीळ झाली तरी निकाल हलतो. म्हणून लहान शाळेचा एका वर्षाचा निकाल वाचूच नये. पाच वर्षांत बसलेल्यांची बेरीज करा, पास झालेल्यांची करा आणि मग टक्केवारी काढा. तुमच्या दोन वर्षांचंच केलं तरी 55 पैकी 48, म्हणजे 87 टक्के येतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे परीक्षेला बसलं कोण. मंडळ टक्केवारी काढतं ती बसलेल्यांवर. आठवीतून दहावीपर्यंत किती जण गळाले हे त्यात येत नाही. 2025-26 ची दहावी म्हणजे 2023-24 ची आठवी. दोन्ही शाळांत त्या आठवीचा पट आणि दहावीला बसलेल्यांची संख्या शेजारी-शेजारी लिहा. समजा आठवीत 60 होते आणि दहावीला 41 बसले, सगळे पास झाले, तर तो शंभर टक्के माझ्या लेखी शंभर नाही. कच्च्या मुलांना नववीत नापास करायचं, टीसी घ्यायला लावायचं किंवा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं, असे प्रकार चालतात. टीसी घेतलेली ही लेकरं बऱ्याचदा सरकारी प्रशालेतच येतात आणि तिच्या निकालात मोजली जातात. हेडमास्तरांना सरळ विचारा: दहावीच्या वर्गात नववी-दहावीला बाहेरून आलेले किती? त्यांचा निकाल वेगळा काढून दाखवायला सांगा. जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची तारीख असते, त्यामुळे हे काम अर्ध्या तासाचं आहे.

मुलींची गळती वेगळी मोजा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती. ज्या शाळेत आठवीतल्या बहुतेक पोरी दहावीच्या बाकावर दिसतात, त्या शाळेनं फार मोठं काम केलेलं असतं, आणि ते निकालात कुठेच छापून येत नाही.

पटाची रचनाही बघा. यूडायस प्लसला, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, शाळा इयत्तावार मुलं-मुली, प्रवर्ग, अल्पसंख्याक आणि दिव्यांग विद्यार्थी अशी माहिती भरते. पण प्रवर्गावरून हुशारी ठरवण्याची चूक करू नका. एखाद्या प्रवर्गाची वर्गात चारच लेकरं असतील तर त्यांची टक्केवारी काढण्यातही अर्थ नाही. निकालावर खरा परिणाम होतो तो घरच्या परिस्थितीचा, आणि ती रकान्यांतून पुरती कळत नाही. आई-बाप मोंढ्यात हमाली करतात की बांधकामावर, घरी कुणी दहावी झालेलं आहे का, घरात मराठी बोलतात की उर्दू किंवा बंजारा बोली, मूल वसतिगृहात राहतं की आजीजवळ, हे वर्गशिक्षकालाच नीट माहीत असतं. स्थलांतराचं तर आणखी अवघड. पट धरतात 30 सप्टेंबरचा, आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे कागदावर लेकरू हजर आणि प्रत्यक्षात ते फडावर. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हाही बरेच आई-बाप परतलेले नसतात. म्हणून नववीचा सप्टेंबरचा आणि जानेवारीचा हजेरीपट समोरासमोर ठेवून बघा. जानेवारीतही हजेरी टिकली असेल तर शिक्षक घरोघर फिरतात असं खुशाल समजा.

गुणांकडे थोडं बारकाईनं बघावं लागेल. शाळेच्या निकालपत्रकात विशेष प्रावीण्य (75 च्या पुढे), प्रथम श्रेणी (60 च्या पुढे), द्वितीय (45 च्या पुढे) आणि नुसते पास (35 ते 45) असे आकडे वेगळे असतात. शंभर टक्के निकालात निम्मे शेवटच्या गटात असतील तर अकरावी विज्ञानाला ती मुलं अडखळणार. गणिताचं उदाहरण घ्या. भाग 1 आणि भाग 2 प्रत्येकी 40 गुणांचे, अंतर्गत 20. पास व्हायला तिन्ही मिळून 35 लागतात. अंतर्गतचे 18 शाळेनं दिले की लेखी 80 पैकी 17 वर काम भागतं. तेव्हा दोन्ही शाळांकडे गणिताचे फक्त लेखी गुण मागा. मला विचाराल तर निकालाच्या टक्क्यापेक्षा मी या एका आकड्यावर जास्त विश्वास ठेवीन.

आता शिक्षक. लहान शाळेचं खरं दुखणं इथे आहे. पट घटला की संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात ती) पदं घटतात, शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं आणि गणित-विज्ञान एकाच्याच गळ्यात पडतं. गणित आणि इंग्रजीची पदं भरलेली आहेत का, किती महिने रिकामी होती, तासिकेवर (तासाप्रमाणे मानधनावर) कुणी आहे का, हे आधी विचारा. दोन्ही पदं भरलेली असतील, गळती कमी असेल आणि जानेवारीत वर्ग भरलेला असेल, तर 82 टक्के असूनही मी मुलीला प्रशालेतच घालीन. गणिताचं पद वर्षभर रिकामं असेल तर मात्र नाही, मग निकाल 95 असला तरी. मुलगी मराठी माध्यमातून येत असेल आणि शाळेत आठवीपासून सेमी-इंग्रजी असेल, तर गणित-विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं आत्ताच, उन्हाळ्यात, तिच्या हातात द्या.

प्रशालेत माहिती द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, एकच विषय घ्या, मजकूर 150 शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची मुदत 30 दिवस. नावं मागू नका, नुसत्या संख्या मागा: पाच वर्षांचा आठवी, नववी, दहावीचा पट, बसलेले, श्रेणीवार पास, विषयवार रिक्त पदं. नावं मागितली की खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला आयतं कारण मिळतं.