संन्यासीच का सापडतो?

राजकीय हिंसा आणि 'बळीचा बकरा' या विषयावर आलेल्या प्रश्नांतले पाच या वेळी घेतले आहेत. दोघांनी जवळपास एकच विचारलं होतं, ते एकत्र केलं.

'बळीचा बकरा' आपण सर्रास म्हणतो. असा बकरा खरंच होता का? आणि माणसांमधून तो निवडतात कसा?

होता, आणि एक नव्हे, दोन. ज्यूंच्या धर्मग्रंथात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा विधी आहे. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाला कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य पुरोहिताने दोन्ही हात ठेवायचे, साऱ्या लोकांची पापं उच्चारायची आणि त्याला जिवंतच रानात हाकलून द्यायचं. म्हणजे पापं वाहून नेणाऱ्या बोकडाच्या मानेवर सुरी फिरतच नव्हती. मराठीत आपण दोन्ही बोकड एक करून टाकले. त्यापेक्षा आपलं 'खापर फोडणं' अर्थाला जास्त चिकटून आहे.

त्या विधीत एक प्रामाणिकपणा होता. बोकडाने काही केलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. राजकारणात नेमकं उलटं असतं. फ्रेंच विचारवंत रने जिरार यांनी यावरच बोट ठेवलं: बळी दोषी आहे अशी लोकांची मनापासून खात्री असेल, तोवरच ही युक्ती चालते.

निवडीचं म्हणाल तर लंडनचं उदाहरण बघा. सप्टेंबर १६६६मध्ये पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग लागली आणि निम्मंअधिक शहर जळालं. तेव्हा फ्रान्स आणि हॉलंडशी युद्ध चालू होतं. रॉबर्ट ह्यूबर्ट नावाचा एक फ्रेंच घड्याळजी पकडला गेला आणि त्याने कबुली दिली, की बेकरीच्या खिडकीतून मीच आगीचा गोळा टाकला. बेकरीला तशी खिडकीच नव्हती. तो ज्या जहाजाने आला, ते आग लागल्यानंतर दोन दिवसांनी किनाऱ्याला लागलं होतं. त्याचं मन ठिकाणावर नाही, हे न्यायाधीशांनाही दिसत होतं. तरी ऑक्टोबरमध्ये त्याला फाशी दिलं. आरोपपत्रावर सह्या करणाऱ्यांत त्या बेकरीचा मालकही होता. भट्टी नीट विझवली होती का, हा प्रश्न त्यानंतर त्याला कोण विचारणार?

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो ते मूर्खपणाला हसून. पण संन्यासीच सापडतो याला कारण आहे. तो हाताशी असतो, वेगळा दिसतो किंवा बोलतो, आणि त्याच्या मागे सूड घ्यायला कुणी येणार नसतं. चौथी गोष्ट जरा चमत्कारिक आहे. त्या दुबळ्याच्या अंगी काहीतरी छुपी ताकद असल्याचं सांगावं लागतं: विष, कट, परकीय पैसा. कारण दुबळ्याला मारण्यात मर्दुमकी वाटत नाही. लंडनमधल्या या आगीच्या स्मारकावर तिचा दोष कॅथलिकांवर टाकणारा मजकूर १६८१मध्ये कोरला गेला. मधली काही वर्षं सोडली तर तो १८३०पर्यंत टिकला. एकटा ह्यूबर्ट पुरेसा वाटला नाही, म्हणून त्याच्यामागे अख्खा पंथ उभा केला.

साधी, घरसंसारी माणसं एका रात्रीत मारेकरी कशी होतात? जमाव बेभान होतो, एवढंच का?

'बेभान' हा शब्द मला खटकतो. त्याने सगळ्यांचीच सुटका होते. दंगलीची छायाचित्रं बारकाईने पाहिली तर दगड मारणारे मूठभर आणि बाकीचे बघे दिसतात. रँडल कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाचं सगळं काम अशा निरीक्षणांवर उभं आहे. त्याच्या मते समोरासमोर हिंसा करणं माणसाला मुळात जड जातं. हात कापतात, नेम चुकतो, शिवीगाळीवरच भागतं. ही अडचण दूर झाली की मगच हिंसा होते. सर्वात सोपी वाट म्हणजे समोरचा एकटा आणि पडलेला असणं. रागाचा भाग वाटतो त्यापेक्षा कमी.

१३ जुलै १९४२. नाझी जर्मनीच्या ताब्यातल्या पोलंडमधलं युझेफूव्ह गाव. हँबुर्गहून आलेल्या राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची बटालियन, जेमतेम पाचशे माणसं. बरेचसे मध्यमवयीन, गोदीत, वखारीत, कचेरीत काम केलेले. त्यांचा मेजर ट्राप डोळ्यांत पाणी आणून सांगतो, की गावातल्या ज्यूंना गोळ्या घालण्याचा हुकूम आहे. तुमच्यातल्या ज्या वयस्करांना हे झेपणार नाही, त्यांनी पुढे यावं. जेमतेम डझनभर पुढे आले, आणि त्यांना शिक्षाही झाली नाही. संध्याकाळपर्यंत सुमारे पंधराशे माणसं मारली गेली.

ख्रिस्तोफर ब्राउनिंग या इतिहासकाराने पुढे या पोलिसांच्या जबान्या तपासल्या. त्यांत द्वेषाइतकीच एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट वर येते: सोबत्यांपुढे भित्रा ठरण्याची लाज. आपण बाजूला झालो तर घाण काम दुसऱ्याच्या गळ्यात पडेल, हा संकोच. रवांडात १९९४मध्ये बहुसंख्य हुतूंपैकी अनेकांनी अल्पसंख्य तुत्सींची कत्तल केली. त्या मारेकऱ्यांपैकी दोनशेवर कैद्यांशी स्कॉट स्ट्रॉस हा अभ्यासक बोलला. त्यांच्याही बोलण्यात युद्धाची भीती आणि आपल्याच हुतू माणसांचा दबाव पुन्हापुन्हा आला. तुत्सी शेजाऱ्याशी आधीपासून वैर होतं, असं सांगणारे थोडेच.

यात कुणाला माफी नाही. उलट, 'भानच नव्हतं' ही सबब यामुळे उरत नाही.

सत्ता बंदुकीच्या नळीतून येते, असं माओ म्हणाला. मग सत्ता आणि हिंसा एकच ना?

राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांनी याला सरळ छेद दिला. त्यांचं म्हणणं, बंदुकीच्या नळीतून हुकमाची तामिली मिळते. सत्ता येते ती लोक एकत्र येऊन साथ देतात त्यातून. साथ सुटायला लागली, की राज्यकर्त्याचा हात हत्याराकडे जातो.

हे घडताना पाहायचं असेल तर २१ डिसेंबर १९८९चं, रुमानियाच्या राजधानीचं, बुखारेस्टचं चित्रण बघा. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू बाल्कनीतून बोलतोय, खाली हुकमाने जमवलेली गर्दी. मध्येच ओरडा सुरू होतो. तो थबकतो, उजवा हात वर करतो, 'हॅलो, हॅलो' म्हणत राहतो, जणू फोनच कट झालाय. त्या क्षणी सैन्य, रणगाडे, गुप्त पोलीस सगळं त्याच्याकडे होतं. त्या रात्री रस्त्यावर गोळ्या चालल्या, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी सैन्य फिरलं आणि हा हेलिकॉप्टरने पळाला. २५ तारखेला त्याला गोळ्या घातल्या. ज्याच्या हाती ससा तो पारधी हे खरं, पण ससा धरून ठेवणारे हात त्याचे एकट्याचे नसतात.

महागाई, बेकारी वाढली की अल्पसंख्याकांवर हल्ले वाढतात, असं ऐकतो. हे सिद्ध झालंय का?

वाटतं तितकं नाही. १९४०मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी दक्षिणेतले कापसाचे भाव आणि कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींचे आकडे शेजारी मांडले. भाव पडले की बळी वाढले, असं दिसलं. पुढे अर्धशतक हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत फिरत राहिलं. १९९८मध्ये लांब पल्ल्याची आकडेवारी घेऊन पुन्हा तपासलं, तर तो संबंध फिका पडला. रिकाम्या खिशाने माणूस चिडतो, पण कुणावर चिडायचं ते खिसा सांगत नाही. ते कुणीतरी येऊन सांगतं. महागाईपेक्षा मी त्या सांगणाऱ्याकडे आधी बघेन.

आमच्या मेसेजच्या गटात अमुक समाजाची माणसं मुलं पळवतात, असं फिरत होतं. मी पुरावा मागितला तर मलाच फितूर ठरवलं. एकट्याने करायचं काय?

(हाच प्रश्न दोघांचा होता.)

१ सप्टेंबर १९२३ला टोकियो-योकोहामा भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झालं. एक लाखाहून अधिक माणसं गेली. काही तासांत अफवा उठली: कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत, आगी लावताहेत. पोलिसांनी आणि गृहखात्याने ती पुढे ढकलली. नाक्यानाक्यावर गस्ती टोळ्या उभ्या राहिल्या. येणाऱ्याला 'जूगोएन गोजिस्सेन', म्हणजे पंधरा येन पन्नास सेन, म्हणायला लावायचे. कोरियन जिभेला त्यातला 'ज' जमायचा नाही. हजारो कोरियन मारले गेले. फुकुदा गावात तर जपानमधल्याच दूरच्या कागावा प्रांतातून आलेले फिरते औषधविक्रेते, अस्सल जपानी, बोली वेगळी वाटली म्हणून अडवले. नऊ जणांना मारलं, त्यांत मुलं आणि एक गरोदर बाई.

योकोहामाजवळच्या त्सुरुमी ठाण्याचा प्रमुख ओकावा त्सुनेकिची याने सुमारे तीनशे जणांना ठाण्यात आसरा दिला होता. जमाव दारात आला. यांनी विहिरीत विष टाकलंय, म्हणाला. त्या विहिरीचं पाणी आणा, असं ओकावाने सांगितलं आणि आणलेलं पाणी सर्वांदेखत तो प्यायला, असं तिथले लोक सांगत आले आहेत.

त्याच्या अंगावर गणवेश होता, तुमच्या नाही. हा फरक मी लपवत नाही. पण त्याने केलं काय ते बघा. अफवेवर भाषण दिलं नाही, माणुसकीची आठवण करून दिली नाही. कुठली विहीर, एवढंच धरलं. तुम्ही 'पुरावा द्या' म्हणालात, तेव्हा ते गटाला आव्हान वाटलं. 'कुठल्या शाळेतलं मूल? कोणत्या ठाण्यात तक्रार आहे? मी आत्ता फोन करतो,' असं विचारलं तर काळजीच्या सुरात बोलता येतं आणि अफवेला पत्ता द्यावा लागतो. तिच्याकडे बहुधा नसतो.

दुसरं, एकटे राहू नका. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत समान लांबीची रेघ ओळखायची असे. आधीच पढवलेले बाकीचे सगळे मिळून चुकीची रेघ बरोबर म्हणत, तेव्हा पुष्कळ जण मान डोलवायचे. खरं बोलणारा एकच सोबती मिळाला, तर हे प्रमाण पाव भागावर यायचं. म्हणून गटात लिहिण्याआधी, तुमच्यासारखंच गप्प बसलेल्या एखाद्याला वेगळा फोन करा. तो कोण आहे, हे तुम्हाला बहुतेक ठाऊक असेल.