पहिलाच टप्पा हुकला, आता काय?

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी बीड जिल्ह्यातील एक विद्यार्थिनी मानसोपचार वॉर्डातील पोस्टिंग सुरू असताना माझ्याकडे आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिने पुस्तकच उघडून पुढे ठेवले. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनने मांडलेल्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या आठ टप्प्यांच्या तक्त्यातील पहिली ओळ, 'विश्वास विरुद्ध अविश्वास, जन्म ते दीड वर्ष', लाल पेनाने अधोरेखित केली होती आणि समासात लिहिले होते, 'आई कारखान्यावर'.

"मॅडम, मी आठ महिन्यांची असताना आईबाबा ऊसतोडीला गेले, मी आज्जीपाशी राहिले. माझा पहिलाच टप्पा गेला की! पेशंटशी बोलायची भीती त्याच्यामुळंच वाटते ना?"

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून हा प्रश्न वरचेवर येतो; मुलांपेक्षा त्यांच्या आयाच तो अधिक विचारतात.

फ्रॉइडने व्यक्तिमत्त्वाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत घातला जातो असे मानले; त्याच परंपरेतील एरिक्सनने मात्र 1950 मध्ये हा विकास थेट वार्धक्यापर्यंत नेला. परीक्षेसाठी पाठ केलेल्या तक्त्यात टप्पे पास-नापास असल्यासारखे दिसतात, पण एरिक्सनच्या मते प्रश्न दोन्ही बाजूंच्या तोलाचा असतो, थोडा अविश्वासही माणसाला लागतोच, आणि राहून गेलेले पुढच्या नात्यांतून भरून काढता येते. आई आणि मूल यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या बोल्बीनेही 1951 च्या अहवालात लहान मुलाला आईचा किंवा तिची जागा कायमपणे घेणाऱ्या व्यक्तीचा सहवास हवा असे म्हटले आहे. म्हणून मी विचारले, रात्री रडलीस की कोण उठायचे? "आज्जीच. तिच्या लुगड्याचा पदर मुठीत असल्याशिवाय मी झोपायचेच नाही म्हणे." मग थोड्या वेळाने, "पट्टा पडल्यावर (म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर) आई घरी आली, की तिच्याकडं जायचे नाही."

हे दुःख खरे आहे आणि त्यावर आम्ही पुढे सविस्तर बोललो, परंतु वॉर्डातील भीतीचे कारण त्याहून जवळचे निघाले: पहिल्याच दिवशी एका रुग्णाने तिच्याकडे पाठ फिरवली होती. परिचारिका आणि रुग्ण यांचे नाते हेच उपचाराचे साधन मानणाऱ्या पेपलाऊने 1952 मध्ये या नात्याची सुरुवात परिचयाच्या टप्प्यापासून केली, जिथे दोघेही परस्परांना अनोळखी असतात आणि चिंता दोघांनाही असते. या विद्यार्थिनीने रोज त्याच रुग्णाजवळ, बोलण्याचा आग्रह न धरता, दहा मिनिटे बसावे आणि आपल्याला केव्हा अस्वस्थ वाटले ते लिहून क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना दाखवावे, असे ठरले. झोप किंवा भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचे, हेही सांगितले; मनात जीव देण्याचे विचार आले, तर मात्र त्याच दिवशी.

आईशी याविषयी बोलावे की नाही, हे तिने अजून ठरवलेले नाही.